दुर्बीण आठची घ्यावी की दहाची?

गेल्या हिवाळ्यात दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर एक गृहस्थ भेटले. गळ्यात नवीकोरी दुर्बीण, तिच्यावर सोनेरी अक्षरांत २०×५० असं लिहिलेलं. खाडीच्या पाण्यावर कुरव या समुद्रपक्ष्यांचा थवा बसला होता. ते दुर्बीण डोळ्यांना लावत, काढत, रुमालाने पुसत आणि पुन्हा लावत. शेवटी मला म्हणाले, "वीस पटीची आहे हो. दुकानदार म्हणाला, यापेक्षा मोठी नाही. पण पक्षी सापडतच नाही, आणि सापडला तर नुसता नाचतो."

मी माझी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. आठ पटीची. पलीकडचा धक्का लागेपर्यंत त्यांनी ती खाली केली नाही. उतरताना विचारलं, "आठमध्ये विसापेक्षा चांगलं कसं काय दिसतं?"

हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, गवा दिसतो म्हणून दुर्बीण घ्यायला निघालेला बागायतदार, मुलीला पक्ष्यांचा नाद लागला म्हणून चौकशी करणारे शिक्षक, होमस्टेच्या पाहुण्यांसाठी एखादी घरात असावी म्हणणाऱ्या ताई. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "किती लांबचं दिसतं?" खरं तर दुर्बिणीशिवायही आपल्याला चंद्र दिसतो, आणि तो पावणेचार लाख किलोमीटरवर आहे. किती लांबचं दिसतं हा दुर्बिणीचा गुण नव्हेच. किती मोठं दिसतं, किती स्थिर, किती उजळ आणि किती रुंद, हे चार प्रश्न विचारायचे. अडचण ही की पहिल्याचं उत्तर वाढवलं की उरलेल्या तिघांचं कमी होतं.

त्या दोन आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८×४२, १०×४२, १०×५० असं काहीतरी लिहिलेलं असतं. 'आठ बाय बेचाळीस' असं वाचतात. पहिला आकडा म्हणजे विशालन, वस्तू किती पट मोठी दिसते ते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या, वस्तूच्या बाजूच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

पहिला आकडा समजून घ्यायची सोपी रीत अशी. वस्तूचं खरं अंतर त्या आकड्याने भागायचं. दोनशे मीटरवर वाळूत बसलेला कुरव आठ पटीच्या दुर्बिणीतून पंचवीस मीटरवर बसल्यासारखा दिसतो. दहाच्या दुर्बिणीतून वीस मीटरवर. म्हणजे आठ आणि दहा यांतला फरक, ज्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, तो या उदाहरणात पाच मीटरांचा आहे. पंचवीस मीटरवरच्या पक्ष्याकडे सहा-सात पावलं पुढे गेलात तर जेवढा फरक पडेल, साधारण तेवढा.

हा फरक अगदीच किरकोळ आहे असं मी म्हणत नाही. पण त्या पाच मीटरांसाठी काय मोजावं लागतं ते आधी पाहू.

हात थरथरतो, पट वाढली की थरथरही वाढते

रात्री अंगणात उभं राहून बॅटरीचा झोत जवळच्या पायरीवर टाका. उजेडाचा ठिपका जागच्या जागी राहील. तोच झोत समोरच्या माडाच्या शेंड्यावर टाका. हात तोच, तुम्हीही तेच, पण ठिपका झावळ्यांवर इकडून तिकडे पळायला लागेल. दुर्बिणीचं असंच होतं. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. श्वास चालू असतो, नाडी उडत असते, वारा असतो. आठ पटीची दुर्बीण पक्ष्याबरोबर ही थरथरही आठ पट मोठी करून दाखवते, वीस पटीची वीस पट.

म्हणून अमुक एका आकड्यानंतर पट वाढवून बारकावा वाढत नाही, उलट कमी होतो. नुसत्या हातात धरून बहुतेकांना आठ पट आरामात स्थिर ठेवता येते. दहा पट सरावाने जमते. बारा पटीला भिंत, झाड, गाडीचं दार, कशाचा तरी टेका लागतो. त्यापुढे तिवईच (ट्रायपॉड) हवी. फेरीबोटीवरच्या त्या गृहस्थांचे हात तर थरथरत होतेच, शिवाय पायाखालची बोट इंजिनाने हादरत होती. वीस पटीत पक्षी नाचणार नाही तर काय करेल?

होडीतून डॉल्फिन बघायला जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. तारकर्ली असो की दापोलीचं मुरूड-हर्णै, हलत्या होडीत सात-आठच्या वर जाण्यात अर्थ नाही. जगभरच्या नौदलांत आणि जहाजांवर ७×५० ही दुर्बीण का रुळली त्याचं एक कारण हेच. समुद्रावर आयुष्य काढणाऱ्यांनी निवडलेला आकडा सात आहे, वीस नाही.

आधी जनावर सापडायला हवं

आता रुंदीचा प्रश्न. दुर्बिणीतून एका वेळी जेवढा देखावा दिसतो त्याला दृष्टिक्षेत्र म्हणतात. पट वाढली की ते आकसतं. खिडकीतून बघणं आणि दाराच्या फटीतून बघणं यांत जो फरक, तोच हा.

आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर साधारण तेरा-चौदा मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. दहाच्या दुर्बिणीतून अकरा मीटरच्या आसपास. नेहमीच्या २०×५०मधून साडेपाच-सहा मीटर. रुंदीतला फरक थोडा वाटतो, पण गोलाचं क्षेत्रफळ काढलं तर आठमध्ये दहाच्या जवळजवळ दीडपट जागा एका नजरेत येते. काही दुर्बिणींवर हा आकडा अंशांत लिहिलेला असतो, तेव्हा एक अंश म्हणजे हजार मीटरवर साडेसतरा मीटर असा हिशेब धरायचा.

कोकणात ही रुंदी का लागते ते आमच्या वाडीतल्या एका आजोबांकडून मी शिकलो. तरुणपणी ते पारधीला जात. ठासणीची बंदूक, पंधरा-वीस माणसांचा हाकारा, रानडुक्कर नाहीतर भेकर. तो काळ गेला, आणि गेला ते उत्तम झालं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीची दारं बंद केली. कायद्याच्या व्याख्येत मारणं तर शिकार आहेच, पण फासा लावणं, आमिष दाखवणं आणि जनावर हाकून काढणं हीसुद्धा शिकारच आहे. आजोबांनी बंदूक केव्हाच सोडली होती, पण नजर सुटली नव्हती. ते म्हणायचे, "जनावर आख्खं कधीच दिसत नाय. आख्खं शोधशील तर सापडायचं नाय. कान शोध. रानात समदं उभं असतं, आडवं काय दिसलं तर थांब, ती पाठ असेल."

झाडांची खोडं उभी, वेली उभ्या, बांबू उभे. त्यात आडवी रेघ दिसली तर ती गव्याची किंवा सांबराची पाठ असू शकते. एक कान हलतो, एक शेपटी उडते. हे टिपायला तुकडा मोठा हवा, कारण हालचाल कुठे होणार ते आधी माहीत नसतं. शेकरू या आंब्यावरून त्या फणसावर उडी मारतं, स्वर्गीय नर्तक पानांआड शेपटीची फीत दाखवून नाहीसा होतो. दुर्बीण वर करेपर्यंत पक्षी दोन हात बाजूला गेलेला असतो. रुंद दृष्टिक्षेत्रात तो तरीही सापडतो, अरुंद क्षेत्रात फक्त हिरवी पानं दिसतात आणि माणूस वैतागतो.

एक युक्ती सांगून ठेवतो. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवायची नाही, मान हलवायची नाही, आणि दुर्बीण तशीच डोळ्यांपुढे आणायची. खाली बघून दुर्बीण लावणारे आणि मग शोधणारे कायम मागे राहतात.

राईतला अंधार आणि पन्हळीचं गणित

दुसऱ्या आकड्याकडे वळू. लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि दुकानात याबद्दल क्वचितच कुणी बोलतं.

पावसात कौलारू घराचं छप्पर आठवा. छपरावर पडलेलं पाणी पन्हळीत गोळा होतं आणि धार खाली ठेवलेल्या घागरीत पडते. दुर्बिणीचं पुढचं भिंग हे छप्पर. छप्पर जेवढं मोठं, तेवढा उजेड जास्त गोळा होतो. डोळ्याकडच्या भिंगातून तो उजेड एका बारीक झोताच्या रूपात बाहेर पडतो, ती पन्हळीची धार. आणि आपल्या डोळ्याची बाहुली हे घागरीचं तोंड.

धार किती जाड ते काढायला दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचं. ८×४२ची धार सव्वापाच मिलिमीटर. १०×४२ची ४.२ मिलिमीटर. २०×५०ची अडीच. खिशात मावणाऱ्या १०×२५चीही अडीच. ही धार डोळ्यांनी बघता येते. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखा, डोळ्याकडच्या भिंगांत दोन उजळ चकत्या दिसतील. त्यांचा व्यास म्हणजेच हा आकडा.

आता घागरीचं तोंड. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते. अंधारात ती उघडते. तरुणपणी सात मिलिमीटरच्या आसपास, पन्नाशी-साठीनंतर बऱ्याच जणांची पाचच्या आसपासच. म्हणजे दुपारी बारा वाजता गुहागरच्या वाळूवर उभे असाल तर अडीचची धारही पुरते, जाड धार नुसती सांडून जाते. फेरीबोटीवरच्या २०×५०ला उजेड कमी पडत नव्हता, तिचं दुखणं दुसरं होतं.

पण जनावरं भर दुपारी वाळूवर कुठे येतात? गवा सड्यावर चरायला उतरतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला. भेकर कातरवेळी ओरडतं. आणि कोकणातल्या राईत, कुळागरात, माड-पोफळीच्या दाट वाडीत सकाळी दहा वाजताही संध्याकाळसारखा उजेड असतो. तिथे बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडली तर ८×४२मधलं दृश्य २०×५०च्या जवळजवळ चौपट उजळ दिसतं. उजेड क्षेत्रफळाने मोजायचा असल्याने धार दुप्पट जाड झाली की उजेड चौपट होतो. अंधाऱ्या पानांत बसलेला शीळकरी कस्तूर एकीत निळा दिसेल आणि दुसरीत काळा ठिपका. ओळख पटायला रंग लागतो, आणि रंग दिसायला उजेड.

जाड धारेचा आणखी एक फायदा भर उन्हातही मिळतो. धार बारीक असेल तर बाहुली नेमकी तिच्यासमोर धरावी लागते, जरा हललं की काळी सावली येते. धार जाड असेल तर थोडं इकडेतिकडे झालं तरी चित्र जात नाही. पहिल्यांदाच दुर्बीण हातात घेणाऱ्याला "मला काहीच दिसत नाही" असं होतं ते पुष्कळदा यामुळे.

उजेडाचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, संध्याकाळी सूर्य थेट समोर समुद्रात बुडतो. मी पर्यटकांना मावळत्या सूर्यावर दुर्बीण रोखताना पाहिलं आहे, मुलांना दाखवतानाही पाहिलं आहे. हे कधीही करू नका. जे छप्पर उजेड गोळा करून डोळ्यात ओततं, ते सूर्याचा उजेडही तसाच ओततं. डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो, आणि भाजताना दुखत नाही.

शिकाऱ्यांच्या देशांत काय वापरतात?

जालावर शोधलं की आठ-दहाच्या वादाचं बहुतेक लेखन परदेशी शिकाऱ्यांचं सापडतं. ते वाचून आपल्याकडचे लोक गोंधळतात, म्हणून थोडं सांगतो. त्यांचं काम आपण करत नाही, पण जनावर शोधायची त्यांची अडचण आणि आपली एकच आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या डोंगराळ मुलखात १०×४२ फार चालते. तिथे शिकारी टेकडीवर बसून समोरचे उतार तासन्‌तास न्याहाळतात, दीड-दोन किलोमीटरपर्यंत. त्यासाठी तिवईवर १५×५६सुद्धा लावतात. त्याच देशाच्या पूर्वेकडच्या दाट जंगलात मात्र आठ पटीला पसंती मिळते. जर्मनीत मचाणावर बसून सांजवेळी डुकराची वाट पाहणारे शिकारी ८×५६ वापरत आले आहेत. भागाकार करून बघा, धार बरोबर सात मिलिमीटर. अंधारात पूर्ण उघडलेल्या बाहुलीएवढी. पट मात्र आठच.

ज्यांना जनावर दिसलं नाही तर दिवस फुकट जातो, ते लोकही आकडा मुलखाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे ठरवतात. त्यांच्या शिफारशीतला मुलूख सोडून नुसता आकडा उचलला की फसगत होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मॉन्टाना राज्यातली दहाची शिफारस आंबोलीच्या जंगलात तशीच्या तशी लागू पडत नाही.

मग दहाची कुणी घ्यावी?

ज्याचं बघणं मुख्यत: उघड्यावर आहे त्याने जरूर घ्यावी. कोकणात उघडा मुलूख कमी नाही. रत्नागिरी, राजापूर, देवगडचे कातळसडे मैलोनमैल उघडे आहेत. लांब पुळणी आहेत. खाडीची भाटी, म्हणजे चिखलाची जमीन, ओहोटीला उघडी पडते आणि चिखल्या पक्ष्यांचे थवे तिथे लांबवर पसरलेले असतात.

अशा जागी त्या पाच मीटरांचं मोल कळतं. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या कुरवांत तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा असे दोन अगदी सारखे दिसणारे पाहुणे आहेत. थंडीत दोघांच्याही डोक्याचा रंग गेलेला असतो, कानामागे डाग तेवढा उरतो. तपकिरी डोक्याच्या पूर्ण वाढ झालेल्या कुरवाचा डोळा फिकट असतो, काळ्या डोक्याच्याचा गडद. उडताना पहिल्याच्या पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसतात. डोळ्याचा रंग पाहायचा आहे, पक्षी वाळूवर निवांत बसला आहे, तुमच्याकडे टेका आहे. इथे दहा पट कामाला येते.

तरी एक मर्यादा इथेही आहे. सकाळी दहा-अकरानंतर तापलेल्या वाळूवरची आणि कातळावरची हवा थरथरू लागते. लांबचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. ही थरथर हवेची आहे, ती कुठल्याही किमतीच्या भिंगाने थांबत नाही, उलट पट वाढवली की तीच मोठी होऊन दिसते. त्या वेळी उत्तम दहाची आणि साधी आठची सारखंच दाखवतात. लांबचं बघायचं तर उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास.

ज्याला घरापुढची राई, वाडी, सडा, किनारा आणि कधीमधी होडी असं सगळंच एका दुर्बिणीत हवं, त्याला मी ८×४२च सांगतो. कुणी १०×४२ हातात घेऊन बघितली, स्थिर धरता आली, आवडली, तर मी अडवत नाही. वजनाची तक्रार असणाऱ्यांना ८×३२ बरी, धार चारची आहे आणि वजन बरंच कमी. बारा, सोळा, वीस या हातात धरायच्या दुर्बिणींची शिफारस मी कुणालाच करत नाही. तेवढी पट हवीच असेल तर तिवईवरचा एकडोळी स्पॉटिंग स्कोप घ्यावा, तो त्याच कामासाठी बनवलेला असतो. थरथर रोखणारी यंत्रणा असलेल्या दुर्बिणीही मिळतात, त्यांत बारा-चौदा पट हातातही स्थिर दिसते. पण त्या महाग असतात आणि बॅटरीवर चालतात.

"माझ्या मोबाईलला शंभर पट झूम आहे की"

हा आक्षेप हल्ली प्रत्येक तरुण घेतो, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. मोबाईलच्या त्या शंभर पटीत भिंगाने केलेली वाढ थोडी असते. पुढचं काम आहे ते चित्र कापून ताणणं आणि हरवलेला तपशील हिशेबाने भरणं. पिसाची जी रेघ पडद्यावर दिसते ती पक्ष्यावर असेलच असं नाही. शिवाय मोबाईलचं पुढचं भिंग इवलंसं, म्हणजे छप्पर कोंबडीच्या खुराड्याएवढं. राईतल्या उजेडात ते काय गोळा करणार?

दोन्ही डोळ्यांनी पाहण्यात आणखी एक गोष्ट आहे. मेंदू दोन चित्रं जुळवतो आणि खोली कळते, फांदी पुढे आहे की पक्षी पुढे हे समजतं. पानांत लपलेलं जनावर सुटं होऊन दिसतं ते यामुळे. नोंदीसाठी फोटो काढायचा असेल तर मोबाईल किंवा कॅमेरा हवाच. शोधायला दुर्बीण.

झूम दुर्बीणही येते, ८ ते २४ पट वगैरे. ऐकायला सोयीची वाटते. तिच्यात सगळ्यात कमी पटीवरसुद्धा दृष्टिक्षेत्र बहुधा अरुंद असतं, आणि आतली हलती भिंगं दोन्ही नळ्यांत तंतोतंत जुळलेली राहणं अवघड. जत्रेत मिळणाऱ्या लाल चकाकणाऱ्या भिंगांच्या दुर्बिणीही टाळा. भिंग लाल चमकतं याचा अर्थ ते लाल उजेड मागे परतवतं, आत येणारं चित्र हिरवट-निळसर होतं. माझी पहिली दुर्बीण अशीच होती. तिच्यातून मी दोन वर्षं तांबूस पिसांचे पक्षी राखाडी समजून वहीत लिहीत होतो.

आणि शेतकऱ्यांच्या एका प्रश्नाचं स्पष्ट उत्तर: रात्री भातात डुक्कर आलं आहे का ते साध्या दुर्बिणीतून कळणार नाही. चांदण्यात थोडंफार दिसेल, काळोखात नाही. त्यासाठी उष्णता टिपणारी वेगळी यंत्रं असतात. सांजेला मात्र कळप रानाच्या कडेला आला आहे का हे ८×४२ घरच्या ओट्यावर बसून सांगते. गव्यासारख्या जनावराशी गाठ पडण्याआधीच ते कुठे आहे ते कळलं तर माणूसही वाचतो आणि जनावरही. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे २००२पासून हत्ती येत आहेत, तिथल्या लोकांना या अंतराची किंमत मी सांगायला नको.

चष्मा असेल तर, लहान मुलं असतील तर

चष्मेवाल्यांनी पट बघण्याआधी आणखी एक आकडा बघावा. डोळा भिंगापासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. माहितीपत्रकात ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. चष्म्यासाठी ते पंधरा-सोळाच्या वर हवं. डोळ्याकडची रबरी कडी चष्मा असेल तर आत दाबायची, नसेल तर बाहेर फिरवायची. एवढं न केल्यामुळे चांगली दुर्बीण वाईट ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं, आणि मोठ्या दुर्बिणी तेवढ्या जवळ मिटत नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलाला ६×३० मिळाली तर उत्तम. हलकी असते, धार पाच मिलिमीटरची, क्षेत्र रुंद. खेळण्यातली प्लॅस्टिकची दुर्बीण देऊन मुलाचा उत्साह घालवू नये. धनेशाची जोडी वडावर उतरली आहे आणि मुलाला दोन धूसर पुंजके दिसताहेत, असं होऊ नये. महाधनेशाच्या नराचा डोळा लाल असतो आणि मादीचा पांढुरका. हे ज्या मुलाने स्वत:च्या डोळ्यांनी पाहिलं, त्याला पुढे फारसं समजवावं लागत नाही.

खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस

कोकणात दुर्बिणी मरतात त्या बुरशीने. पट, धार, क्षेत्र सगळं नीट निवडून आणलेली दुर्बीण पावसाळाभर कपाटात राहिली, की गणपतीत काढताना भिंगावर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. माझी एक चांगली दुर्बीण अशी गेली. ती चामडी पेटीत, लाकडी कपाटात, कपड्यांच्या घडीत अगदी जपून ठेवली होती, आणि नेमकी तीच जागा ओल धरते.

म्हणून घेतानाच जलरोधक, आत नायट्रोजन भरलेली घ्या. आतली हवा काढून कोरडा वायू भरलेला असतो, त्यामुळे आतून दमट होत नाही. त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले तरी आपल्या हवेत ते वसूल होतात. तरीही बुरशी बाहेरून धरू शकते. घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाला सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि दुर्बीण पेटीतून काढून नुसतीच त्यात ठेवा. रंग बदलणारे दाणे मिळतात. रंग बदलला की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरायचे, तो तवा स्वयंपाकाला घ्यायचा नाही. आणि पावसातही आठवड्यातून एकदा दुर्बीण काढून बघत बसा. वापरातल्या दुर्बिणीला बुरशी सहसा लागत नाही.

मिठाचं वेगळं. किनाऱ्यावरून आल्यावर भिंगावर खाऱ्या तुषारांचे आणि वाळूचे बारीक कण असतात. सदऱ्याच्या टोकाने पुसलं की तेच कण भिंगावरचा लेप खरवडतात. आधी रबरी फुंकणीने उडवायचं, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपायचं, आणि सगळ्यात शेवटी कोरडं पुसायचं. जलरोधक असेल तर नळाच्या बारीक धारेखाली धुतली तरी चालते.

घरी आणल्यावर पहिलं काम

दुर्बीण वाईट नसून ती लावलेलीच नसते, असं निम्म्या वेळा आढळतं. आपले दोन डोळे सारखे नसतात, आणि तो फरक एकदा जुळवून द्यावा लागतो. त्यासाठी बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्याकडच्या भिंगाभोवती फिरणारी एक कडी असते, काहींत ती मधल्या चाकातच असते.

पन्नासेक मीटरवरची बारीक तपशिलाची वस्तू निवडा. एसटी थांब्याची पाटी चालेल, झावळीचं टोक चालेल. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन गोलांचा एक गोल करा. मग उजव्या भिंगावर हात धरून फक्त डाव्या डोळ्याने बघा आणि मधलं चाक फिरवून पाटी स्पष्ट करा. आता चाकाला हात न लावता डावं भिंग झाका, उजव्या डोळ्याने बघा आणि ती कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून बघा. इथून पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

कडी जिथे थांबली तिथे नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. दुर्बीण घरात चार जणांच्या हातून फिरते, मुलं सगळं फिरवून ठेवतात, आणि सकाळी समोरच्या वडावर ककणेर, म्हणजे धनेश, येऊन बसलेला असताना पाटी शोधायला वेळ नसतो.